नकार ब्रिटनमध्येही मिळतो

माहिती अधिकाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात कुणीतरी म्हणतंच, 'तिकडे परदेशात माहिती अशी नाकारत नाहीत.' नाकारतात. ब्रिटनमध्ये अर्जाला शुल्क नाही, नागरिकत्वाची अट नाही, उत्तराची मुदत कामाचे 20 दिवस. पण माहिती शोधायला 24 तासांहून जास्त लागतील, म्हणजे ताशी 25 पौंडांनी खर्च 600 पौंडांवर जाईल, असा अंदाज केंद्रीय खात्याने मांडला की तिथल्या माहिती कायद्याच्या कलम 12 खाली अर्ज फेटाळता येतो. 'पाच वर्षांतला सगळा पत्रव्यवहार द्या' म्हणणारा हमखास इथेच अडकतो.

उलट आपला 2005 चा माहिती अधिकार कायदा कागदावर जास्त कडक आहे. मुदत चुकली तर माहिती फुकट, आणि अधिकाऱ्याच्या खिशातून दिवसाला 250, कमाल 25,000 रुपये दंड. उशिरासाठी असा वैयक्तिक दंड ब्रिटनमध्ये नाही. आपल्याकडे घोडं अडतं ते दुसऱ्या अपिलात, म्हणजे माहिती आयोगापुढे. खात्यातल्याच वरिष्ठाकडचं पहिलं अपील फार तर 45 दिवसांत निकाली काढावं लागतं, आयोगाला मात्र कायद्याने मुदतच घातलेली नाही. दंड करण्याचा अधिकार फक्त आयोगाचा. त्यामुळे आयुक्तांची पदं रिकामी ठेवली की दंडाचं कलम निकामी होतं. ओरड व्हायला हवी ती याची.

तोवर अर्ज तरी पक्का लिहावा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. 'रस्ता का रखडला?' असं विचारलं की 'माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची आहे' हे ठरलेलं उत्तर येतं. 'का'चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच म्हटलं आहे. त्याऐवजी कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि मुदतवाढीच्या नस्तीतल्या (फाइलमधल्या) टिपण्या मागा. कारण त्या टिपणीतच लिहिलेलं असतं. नस्ती जाडजूड असेल तर आधी अवलोकन (कार्यालयात जाऊन ती पाहण्याची परवानगी) मागून पानांचे क्रमांक उतरवून घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा.

सगळ्यात मोठी काळजी आपल्या कायद्यातल्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलम 8(1)(ञ)ची. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने त्यातला जनहिताचा अपवाद काढून टाकला. आता माहिती 'वैयक्तिक' आहे एवढं म्हटलं की पुरतं. ब्रिटनच्या कलम 40 मध्येही वैयक्तिक माहितीला संरक्षण आहे, पण मागणाऱ्याचं रास्त हित आणि त्या व्यक्तीचे हक्क तोलून पाहावे लागतात. तिकडचं काही घ्यायचंच असेल तर हे तोलणं घ्यावं. आपल्याकडे कलम 8(2) अजून शाबूत आहे: माहिती दडवण्यापेक्षा उघड करण्यात जनहित मोठं असेल तर ती देता येते. हे जनहित नेमकं कोणतं, ते पहिल्या अपिलातच कलमाचा उल्लेख करून लिहा. 'जनहितार्थ' एवढा एक शब्द पुरत नाही.