एटीएसचा बागुलबुवा

प्लेसमेंटचा हंगाम आला की कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: '75 टक्के रिझ्युमे माणसाने बघायच्या आधीच एटीएस नावाचा रोबो कचऱ्यात टाकतो. म्हणून पीडीएफ देऊ नका, जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून भरा, स्कोअर 90 च्या वर न्या आणि अनुभव कितीही असो, पान एकच ठेवा.' खाली स्कोअर तपासायची लिंक असतेच.

आधी ते 75 टक्के. त्यामागे कुठलंही संशोधन नाही. माग काढत गेलं की तो एका अमेरिकी कंपनीच्या प्रचारापाशी जाऊन थांबतो. रिझ्युमे सुधारून देणं हाच तिचा धंदा होता आणि 2013 मध्ये ती बंदही पडली.

एटीएस, म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम, ही मुळात अर्जांची नोंदवही. ग्रीनहाउस, लिव्हर, वर्कडे ही त्यातली चालती नावं. अर्ज साठवायचे, फाइलीतला मजकूर काढून रकान्यांत बसवायचा, एचआरला शोधता येईल असं करायचं, हे तिचं काम. आपोआप नकार येतो तो बहुतेकदा फॉर्ममधल्या प्रश्नांवरून: किमान अनुभव आहे का, परदेशातली नोकरी असेल तर वर्क परमिट आहे का. तिथे चुकीची टिक पडली तर सुबक रिझ्युमेही वाचवत नाही. काही ठिकाणी यंत्र अर्जांना क्रम लावतं, हे खरं. पण त्यावरचा उपाय पांढरी अक्षरं हा नक्कीच नाही. पार्सर, म्हणजे फाइलीतला मजकूर काढणारा प्रोग्राम, रंग बघत नाही, अक्षरं काढतो; काढलेल्या मजकुरात तुमची 'डॉकर डॉकर कुबरनेटिस कुबरनेटिस' ही स्किल्सची जपमाळ एचआरला चक्क पांढऱ्यावर काळ्यासारखी स्पष्ट दिसते.

पीडीएफचा मुद्दा मात्र नीट बघण्यासारखा आहे. वर्ड किंवा गुगल डॉक्समधून काढलेली पीडीएफ या प्रणाली सहज वाचतात. घोळ होतो तो मांडणीमुळे. डावीकडे स्किल्स, उजवीकडे अनुभव असं दोन कॉलमांचं टेम्प्लेट घेतलं आणि पार्सरने ओळी आडव्या वाचल्या, तर 'पायथन सॉफ्टवेअर इंजिनिअर जावा जुलै 2021' असं काहीतरी हाती लागतं. फोन नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकला तर काही पार्सर तो भाग वगळूनच टाकतात. लेटेकमध्ये, म्हणजे कोडसारख्या आज्ञा लिहून पानं मांडायच्या प्रणालीत, रिझ्युमे करणाऱ्यांचं दुखणं आणखी निराळं. त्यात इंग्रजी एफ आणि आय जोडून एकच चिन्ह छापलं जातं. दिसतं देखणं, पण कॉपी केलं की 'सर्टिफाइड'मधली ती दोन अक्षरंच कधीकधी गायब! प्रिअ‍ॅम्बलमध्ये, म्हणजे लेटेक फाइलीच्या सुरुवातीच्या सेटिंगांत, ग्लिफ-टू-युनिकोड ही फाइल जोडली की ते बहुधा सुटतं.

हे सगळं तपासायला लिंक लागत नाही. पीडीएफ उघडा, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, फोन, कंपन्या, तारखा ओळीने आल्या की झालं. स्कोअरचं म्हणाल, तर तो आकडा एचआरच्या प्रणालीत जातच नाही. प्रत्येक साइटचं गणित तिचं तिचं, आणि 62 दाखवल्याशिवाय प्रो प्लॅन कोण घेणार?

एक पान फ्रेशरला पुरतं. दहा वर्षं काम केलेल्याने दोन पानं खुशाल द्यावीत, आठ पॉइंटाच्या बारीक अक्षरांत कोंबाकोंबी करू नये. जागा हवीच असेल तर फोटो, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि तळाचं 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र काढा. 'जावा 80 टक्के' दाखवणाऱ्या पट्ट्याही काढा; 80 टक्के जावा म्हणजे किती, हे जावा बनवणाऱ्या जेम्स गॉसलिंगलाही सांगता येणार नाही.

आणि आपल्याकडे बरीच निवड रिझ्युमे उघडण्याआधीच होते, पण ती रोबो करत नाही. नोकरी डॉट कॉमच्या रेझडेक्स या उमेदवारांच्या डेटाबेसमध्ये एचआर स्किल, अनुभव, शहर, नोटिस पिरियड टाकून शोधतात. राजीनामा देऊन तुम्ही पुढच्या आठवड्यात मोकळे होणार असाल आणि प्रोफाइलवर अजून 'नोटिस पिरियड 3 महिने' असेल, तर फॉन्ट नंतर निवडा, आधी ते बदला.