घरामागच्या टर्फ कोर्टला एक स्टार: आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला, टीममधल्या पोरांनीही वाचला. एक स्टार बघून वाईट वाटणारच, पण पैसे तुमचे आणि अंगणही तुमचं, तेव्हा तो हक्क तुमचा. फक्त "हलकं प्लास्टिक घातलं, थंडीतच वितळलं" हे वाक्य उद्या बाकीचे लोक वाचणार, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितोय.

तुमचं म्हणणं असं, की आम्ही बसवलेल्या टर्फचा, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचा, खिडकीसमोर एक वाकडा पट्टा वितळून चिकटलाय, बास्केटबॉल उसळत नाही, दुपारी पाय भाजतात, आम्ही टर्फमध्ये वाळू ओतून माल जास्त दाखवला आणि वर वॉरंटी नाकारली.

आधी पट्ट्याचं बोलू, कारण खरं दुखणं तेच आहे, बाकीचं रागात सोबत आलंय असं मला वाटतं. तुम्ही लिहिलंय की भर उन्हाळ्यात काही झालं नाही आणि थंडीत वितळलं म्हणजे मटेरियल फालतू. मला तर त्यातून नेमकं उलटं कळलं. टर्फचे धागे पॉलिइथिलिनचे असतात, ते वितळायला साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस लागतात, आणि कडक उन्हात टर्फ तापतं ते ६०-७० अंशांपर्यंत. माल खराब असता तर उन्हाळ्यातच आणि अख्ख्या कोर्टवर काहीतरी दिसलं असतं ना? तुमच्याच फोटोत बघा, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतरावर धागे अगदी ताठ उभे आहेत, रोल तोच, ऊन तेच.

दोषी आहे ती तुमची खिडकी. आम्ही माप घ्यायला आलो तेव्हाच्या फोटोत तिथे साधी काच आहे, आणि तुमच्या रिव्ह्यूतल्या फोटोत नवीन डबल काचेची खिडकी दिसतेय, कोटिंगवाली, जिला लो-ई म्हणतात. काच चांगलीच आहे, घरातली उष्णता सांभाळते, पण ती उन्हातली उष्णता बाहेर परत फेकते. त्यात दोन काचांच्या मधे हवा किंवा गॅस सीलबंद असतो, थंडी पडली की तो आकसतो, आणि काचा आतल्या बाजूला किंचित ओढल्या जातात, डोळ्याला दिसणारही नाही इतक्या. बाहेरून ती काच मग खोलगट आरशासारखी होते आणि सगळं ऊन एका ठिकाणी गोळा करून टाकते, लहानपणी भिंगाने कागद जाळायचो तसंच. वर थंडीत सूर्य खाली असतो, म्हणून परावर्तित ऊन भिंतीजवळ न पडता लांब कोर्टवर जातं, आणि सूर्य सरकतो तसा तो ठिपकाही सरकतो, त्यामुळे डाग गोल न पडता पट्टा उमटतो. अशा काचांमुळे शेजारच्या घराच्या भिंतीवरचे व्हिनाइलचे पॅनलसुद्धा वितळून वाकल्याच्या केसेस आहेत, टर्फ तर पातळ धागे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी पट्ट्यावर एक पांढरा पुठ्ठा ठेवा आणि दर थोड्या वेळाने नजर टाका, जास्तच उजळ असा चट्टा त्यावरून सरकताना दिसेल. काचेकडे थेट बघू नका आणि हात तिथे धरून ठेवू नका, चटका बसेल. आणि आतून पडदा ओढून उपयोग नाही, ऊन काचेवरूनच परत फिरतं. खिडकीला बाहेरून जाळी लावा किंवा वर छज्जा काढा, ऊन काचेवर पडलं नाही तर पुढचं काहीच होणार नाही. बहुतेक कंपन्यांच्या टर्फ वॉरंटीत परावर्तित उन्हाचं नुकसान धरत नाहीत, तुमच्या कार्डावरही ते लिहिलेलं आहे, त्यामुळे "वॉरंटी नाकारली" हे अर्धंच चित्र झालं.

बास्केटबॉलचं म्हणाल तर टर्फवर ड्रिबल मेलेलाच येणार, कोणीही बसवलं तरी. तुमचं आखूड, दाट, वाळू भरलेलं टर्फ आहे, त्यावर टेनिस छान होतं, मुलांचा फुटबॉल, सॉफ्ट बॉलने क्रिकेट सगळं चालतं, पण बास्केटबॉलला कडक जमीन लागते. हे आधी बोललो होतो आणि कोटेशनमध्येही आहे, तेव्हा तुम्ही म्हणालात मुलं पडली तरी लागू नये, आणि ते माझ्या मते बरोबरच होतं. एकाच कोर्टवर सगळे खेळ सारखेच चांगले होतील असं जो सांगेल त्याच्याकडून काम करूनच घेऊ नका. हवं तर हूपखालचा भाग कापून तिथे काँक्रीट किंवा टाइल्स करता येतील, पण मग तेवढ्या भागात फुटबॉल नको.

पाय भाजतात हे खरंय, टर्फ गवतासारखं स्वतःला गार ठेवू शकत नाही. पाणी मारलं तर थोडा वेळ बरं वाटतं, वाळलं की पुन्हा तेच. दुपारी बूट घालून खेळा नाहीतर ऊन उतरल्यावर खेळा, नाहीतर सावलीची नेट लावा. (गंमत म्हणजे अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम या बंद छताच्या स्टेडियममध्ये १९६६ साली हे प्लास्टिकचं गवत गाजलं त्याचं कारणही ऊनच! छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगमगाटात खेळाडूंना बॉल दिसेना, म्हणून ती रंगवली, मग ऊन कमी पडून खरं गवत मेलं.)

वाळूचं एकाच वाक्यात सांगतो, ती काढली तर धागे आडवे झोपतील आणि टर्फ जागेवरून सरकायला लागेल.

आता पुढचं. जाळी बसली की मला कळवा, तुमच्या रोलचा उरलेला तुकडा आमच्या गोडाऊनमध्ये आहे, धाग्यांची दिशा जुळवून पट्टा बदलून देतो, तुकड्याचे आणि मजुरीचे पैसे घेणार नाही. नवीन तुकडा सुरुवातीला जरा वेगळा दिसेल, खेळून खेळून मिसळतो. जाळीआधी मात्र बदलणार नाही, कारण पहिल्याच गार, उन्हाच्या दिवशी तो पण वितळेल आणि मग दुसरा एक स्टार येईल. स्टार बदला म्हणत नाही, फक्त पुठ्ठ्याची टेस्ट केलीत तर काय दिसलं ते याच रिव्ह्यूत खाली लिहा.

आणि तोपर्यंत त्या पट्ट्यावर प्रेशर वॉशर मारू नका, चिकटलेले धागे काही सुटणार नाहीत, आजूबाजूची वाळू तेवढी उडून जाईल.