गुलाबाच्या जागी गुलाब लावायचाच नाही? कोण म्हणतं!

जुना गुलाब काढला की तिथे नवा लावू नका, जमिनीचा कस गेलेला असतो, माती विषारी झालेली असते, लावायचाच तर डबल खत घाला नाहीतर दहा वर्षं थांबा, असा मेसेज जो तो पुढे ढकलतोय. त्रास खरा आहे, नवा गुलाब तिथे खुरटतो हे बरोबर. बाकी सगळं गंडलंय.

आधी कस. कस गेला असता तर तिथे काहीच धड आलं नसतं ना? पण त्याच खड्ड्यात शेवंती लावा, मस्त येते, अडून बसतो तो गुलाबच. आणि तेच खुरटलेलं रोप उकरून ताज्या मातीत लावलं तर बरेचदा सावरतं. उकरताना मुळं बघाच एकदा, पांढरी बारीक तंतुमुळं जवळपास नसतातच, असतात ती काळपट. आता तोंडच नाही त्याला ताट भरून वाढून काय करणार? उलट डबल रासायनिक खताने उरलीसुरली मुळंही करपतात.

मग विष? अशी माती तापवून निर्जंतुक केली तर त्यात गुलाब परत चांगला वाढतो, म्हणजे दोष मुख्यतः मातीतल्या जिवांचा, जुन्या मुळांभोवती जमलेल्या बुरशी, सूत्रकृमी (धाग्यासारखे अगदी बारीक जंत) वगैरे मंडळींचा (नेमका कोणाचा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही). जुनं झाड त्यांच्यासोबतच मोठं झालेलं म्हणून निभावून नेतं, नवं रोप मात्र इवलीशी मुळं घेऊन थेट त्या गर्दीत पडतं.

दहा वर्षं थांबायची तर अजिबात गरज नाही. जुनी मुळं जमतील तेवढी वेचून काढा, साधारण 45 सेंमी खोल आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा थोडा रुंद खड्डा घ्या, आणि जिथे गुलाब नव्हता तिथली माती शेणखत मिसळून भरा. काहीजण खड्ड्यात बिनतळाचा पुठ्ठ्याचा खोका ठेवून त्यात नवी माती भरतात, तो कुजेपर्यंत रोप जोर धरतं, मला ही युक्ती आवडते. काढलेली माती फेकू नका हां, भाजीला चालते, फक्त सफरचंद, स्ट्रॉबेरीला नको, ती गुलाबाच्याच कुळातली.

आणि ते "कडेला दोन झेंडू लावा" प्रकरण. झेंडूने काही सूत्रकृमी कमी होतात हे खरं, पण त्यासाठी गुलाबाच्या आधी सगळ्या जागेत दाट झेंडू हंगामभर लागतो, दोन रोपांनी फक्त शोभा येते.

कुंडीत असेल तर एवढा विचारच नको, सगळी माती बदला, कुंडी घासून धुवा आणि लावा.