पोर्ट परत आले, पण रॅमचं काय?

‘२०२१ च्या मॅकबुक प्रोने २०१६ च्या सगळ्या चुका निस्तरल्या’ हे अ‍ॅपलच्या या लॅपटॉपवरच्या लेखातलं वाक्य मला पटलं नाही. मॅगसेफ (चुंबकाने चिकटणारा चार्जर), एचडीएमआय आणि एसडी कार्डाचा स्लॉट परत आला, टच बार (कीबोर्डवरची स्पर्शपट्टी) गेला, हे खरंच. कीबोर्ड तर त्याआधीच, २०१९ च्या १६ इंची मॉडेलमध्ये सुधारला होता. पण २०१२ च्या रेटिना (जास्त बारीक पडद्याच्या) मॉडेलपासून सुटे भाग स्वतः बदलण्याची जी सोय गेली, ती आलीच नाही. तेव्हा रॅम बोर्डावर सोल्डर झाली, म्हणजे कायमची डाखली गेली, आणि बॅटरी चिकटवली गेली. लेखात त्याबद्दल अवाक्षर नाही.

माझ्याकडे २०१२ चाच, पण रेटिना नसलेला १३ इंची होता. तळाचे दहा स्क्रू काढले, रॅमच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा बोटांनी बाहेर सारल्या की पट्टी तिरकी होऊन आपसूक वर यायची. ४ जीबीचे १६ केले, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. त्या अर्ध्या तासाच्या कामावर मशीन पुढे कितीतरी वर्षं चाललं! अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-मालिकेतल्या चिपांमध्ये रॅम चिपलगत असण्याला कारण आहे, २०२१ च्या मॅकबुक प्रोमधल्या एम१ मॅक्सचा रॅमशी सेकंदाला ४०० जीबीचा वेग त्याशिवाय कठीण होता. ते मी मान्य करतो. पण स्टोरेजचं काय? तीच एम१ मॅक्स चिप असलेल्या मॅक स्टुडिओ या डेस्कटॉपमध्ये स्टोरेजचं मॉड्यूल स्लॉटमध्ये बसतं, लॅपटॉपमध्ये मात्र सोल्डर केलेलं. याचं उत्तर लेखात हवं होतं.