‘मशीन सगळं सांगतं, शिकलेली सिस्टर कशाला?’ आत्याला आलेल्या मेसेजला माझं उत्तर

कळव्याच्या आत्याने मंगळवारी रात्री मला एक मेसेज पाठवला आणि मागोमाग फोन करून विचारलं, "अगं, मग ह्यांच्यासाठी ठेवलेली सिस्टर बंद करू का?" काकांना लकव्याचा झटका येऊन पाच आठवडे झालेत. उजवी बाजू लुळी पडली आहे, बोलणं अडखळतं. हा मेसेज याआधी तीनदा माझ्याकडे आला आणि तीनदा मी पुसून टाकला. आता मात्र गप्प बसवत नाही, कारण मी स्वतः नर्स आहे आणि आता प्रश्न माझ्या काकांचा आहे.

मेसेजमध्ये लिहिलंय ते असं: नर्स फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं करते, तिला स्वतःचं डोकं लागत नाही. पेशंटचं काय ते मशीन सांगतं. ‘मला लक्षण बरं दिसत नाही’ असं सिस्टर म्हणते ती अंधश्रद्धा. सेवेला ममता लागते, कोर्स नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेलने कुठे कोर्स केला होता? तेव्हा घरी ऑक्सिमीटर घ्या, ब्युरोची (म्हणजे एजन्सीने पाठवलेली, नर्सिंग न शिकलेली) बाई ठेवा, पैसे वाचवा.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ‘दुखल्यास इंजेक्शन, एसओएस.’ म्हणजे गरज पडली तर. ती गरज पडली हे रात्री अडीचला कोण ठरवतं? डॉक्टर तेव्हा वॉर्डात नसतात.

मला खरा संताप आला तो ‘अंधश्रद्धा’ या शब्दाचा. वाशीच्या एका हॉस्पिटलात मी मेल सर्जिकलला, म्हणजे पुरुषांच्या ऑपरेशनच्या वॉर्डात, नाइट करत होते. आतड्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस झालेले, पन्नाशीचे एक माथाडी कामगार होते. राउंडला गेलं की त्यांचं ठरलेलं, "बाई, च्या कवा मिळंल?" त्या रात्री त्यांनी चहा विचारला नाही. चादरीची किनार बोटांनी ओढत होते, नाव विचारलं तर उत्तर उशिरा येत होतं, पाय गार लागत होते. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 97, पल्स 98, बीपी 110/70. मॉनिटरने आवाज करावा असं त्यात काहीच नव्हतं. मी घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 28 भरले, म्हणजे खूपच जास्त. पोट हाताला कडक लागलं. आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांना, उठवलं. आतड्याची शिवण सुटून आतलं पोटात झिरपत होतं. पहाटे त्यांना पुन्हा ऑपरेशन थिएटरात घेतलं. पुढे ते चालत घरी गेले.

ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू आणि नाडी सांगतो, एवढंच. तो आकडा टिकवण्यासाठी माणसाला किती धाप लागते आहे, हे तो सांगत नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर आकडा आणखीच छान दिसतो.

‘सिस्टरला वाटलं’ हे नुसतं वाटणं नसतं. 2015 साली ‘क्रिटिकल केअर’ या नियतकालिकात डच संशोधकांनी नर्सना वाटणाऱ्या अशा काळजीवरच्या 18 अभ्यासांचा आढावा घेतला. त्या काळजीमागे 37 लक्षणं सापडली: श्वासाची बदललेली तऱ्हा, रंग, गारवा, बेचैनी, वागण्यातला फरक. त्याच्याही खूप आधी, 1978 साली, नर्सिंगच्या अभ्यासक बार्बरा कार्पर यांनी नर्सच्या जाणण्याचे चार प्रकार मांडले. एक शास्त्राचं. दुसरं कलेचं, म्हणजे समोरच्या याच माणसाचं आत्ता काय बिनसलंय ते हेरणं. तिसरं, स्वतःला ओळखून पेशंटशी माणूस म्हणून जोडलं जाणं. चौथं नीतीचं. कोणतंही एक एकटं पुरत नाही, हे त्यांचं म्हणणं मला त्या रात्रीइतकं कधी पटलं नाही. चहा मागितला नाही हे टिपणं कलेचं, मिनिटभर श्वास मोजणं शास्त्राचं, आणि बोलणी खावी लागली तरी डॉक्टरांना उठवायचंच, हे नीतीचं. आणि रोज दोन शब्द बोलले नसते तर चहाचं कळलंच नसतं, हे तिसरं, जोडलं जाण्याचं.

एक मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. अनुभवही फसवतो. मी शिकत होते तेव्हा सीनियर सिस्टर झोपून असलेल्या पेशंटची पाठ स्पिरिट लावून जोरात चोळायला सांगायच्या, लाल झालेल्या जागीसुद्धा. आम्ही मनापासून चोळायचो. आता कळलंय की हाडावरची लाल झालेली कातडी चोळली तर आतलं मांस आणखी दुखावतं, तिथे दाब काढायचा असतो. ही चूक अभ्यासाने दाखवली, ममतेने नाही. म्हणून मशीन फेकून द्या असं मी म्हणत नाही.

ममतेचं सांगते. लकव्याच्या पेशंटचं गिळणं बऱ्याचदा बिघडलेलं असतं. त्याला तहान लागली म्हणून आडवं असतानाच वाटीने पाणी पाजणारी बाई मायाळूच असते. ते पाणी फुप्फुसात जातं, आणि कधी कधी ठसकाही लागत नाही. उठवून बसवायचं, गिळणं तपासायचं, हे शिकल्याशिवाय कुणाला येत नाही. ब्युरोच्या बायका राबतात, त्यांना मी नावं ठेवत नाही; त्यांना न शिकवता पेशंट सोपवणाऱ्यांना ठेवते. नाइटिंगेल यांनी 1851 साली जर्मनीत कैसरवर्थला प्रशिक्षण घेतलं होतं आणि 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू केली. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येणाऱ्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी आकड्यांचे आलेख काढून सरकारला दाखवलं. मेसेज लिहिणाऱ्याला त्यांच्या हातातला फक्त दिवा दिसला.

पैशांचा मुद्दा खोटा नाही. आत्याची पेन्शन मला माहीत आहे. म्हणून असं ठरलं: सिस्टर महिनाभर दिवसा येणार, रात्रीला ब्युरोच्या ताई, आणि कूस कशी बदलायची, जेवण कसं भरवायचं ते सिस्टर ताईंना आणि आत्याला शिकवणार. ऑक्सिमीटर राहू दे. शेजारी एक वही ठेवली आहे.

काल रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला. "आज ह्यांनी बातम्या लाव म्हटलं नाही गं. चाळीस वर्षांत असं झालं नाही. मशीनवर 96 आहे. श्वास मोजू?"

"मोज. पूर्ण मिनिट मोज, मी फोनवर आहे."

18 भरले. हात गरम आहेत का, हाक मारल्यावर बघतात का, तेही विचारलं. बघत होते. तिने सगळं वहीत लिहिलं. बारा वाजता पुन्हा मोजायला सांगितलं आहे म्हटल्यावर ताईंनी मोबाइलला गजर लावला.