‘नटबोल्ट सगळीकडे सारखेच’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘व्हीलर डीलर्स’ या टीव्ही कार्यक्रमात माईक ब्रुअर जुनी गाडी विकत घेतो, मेकॅनिक ती दुरुस्त करतो (एड चायना हा पहिला मेकॅनिक) आणि मग ती विकली जाते; चित्रीकरण आधी इंग्लंडला होतं, मग कॅलिफोर्नियात. या कार्यक्रमाची बदललेली माणसं आणि बदललेल्या जागा यांवर लिहिलेल्या लेखाखाली एक प्रतिक्रिया आली आहे. ती वर जाऊन शोधायला नको, म्हणून इथेच देतो:

‘एड चायना गेला म्हणून गळे काढणाऱ्यांतले तुम्ही एक. कॅलिफोर्नियात गेले तर बिघडलं काय? नटबोल्ट सगळीकडे सारखेच. कार्यक्रम माईक ब्रुअरचा आहे, मेकॅनिक कोणीही चालतो. प्रीस्टलीला तर तुम्ही दोन ओळीत गुंडाळलंत. नफ्याचे आकडे खोटेच असतात. लेखकाने आयुष्यात पाना हातात धरलेला दिसत नाही.’

आधी सुरावर बोलतो, कारण प्रतिक्रियेत मुद्द्यांपेक्षा सूरच जास्त आहे. ‘गळे काढणारे’ हा शब्द माझ्या लेखातल्या कुठल्या वाक्यावरून सुचला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. लेखात मी चायनाच्या जाण्याला एक परिच्छेद दिला होता आणि जागेच्या बदलाला सहा. तुम्ही तो एक परिच्छेद वाचून थांबलात असं दिसतं. कोणाला नावं ठेवायची असतील तर निदान सगळं वाचून ठेवावीत, एवढी अपेक्षा करणं जास्त नाही. पान्याचं म्हणाल तर पत्र्याचं काम, ब्रेक आणि इंजिन यांवर माझं घर चालतं. हे सांगायची वेळ तुम्ही आणलीत म्हणून सांगितलं, एरवी मी ते लिहीत नाही.

एक गोष्ट मान्य. मार्क प्रीस्टलीबद्दल मी थोडकंच लिहिलं होतं. मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन संघात मेकॅनिक म्हणून राहिलेला हा माणूस २०२१ मध्ये कार्यक्रमात आला, आणि त्याच्याबरोबर कार्यक्रम पुन्हा इंग्लंडला परतला. कामाचा क्रम लावण्याची त्याची शिस्त पिटमधली आहे आणि ती दिसते. त्याच्यावर वेगळं लिहीन.

आता तुमचं ते वाक्य: ‘नटबोल्ट सगळीकडे सारखेच.’

नाहीत. नट तोच, बोल्टही तोच, पण तो सुटतो कसा हे गाडी कुठे उभी राहिली त्यावर ठरतं. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खडेमीठ टाकतात. ते पाण्यात विरघळून चाकांच्या कमानीत, दरवाज्याखालच्या सिलमध्ये, सस्पेन्शनच्या पायांशी जाऊन बसतं. मग बोल्ट पान्याने फिरत नाही, तुटतो. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवायचं, नट तापवायचा, थोडा आवळून मग सोडवायचा, तरी नाही सुटला तर नट फोडायचा, आणि बोल्टचं डोकंच तुटलं तर उरलेल्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो फिरवायचा. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातली चाळीस वर्षांची गाडी उचला. बहुतेक बोल्ट साध्या सॉकेटने निघतात. हा फरक छोटा वाटत असेल तर एकदा जुन्या ब्रिटिश गाडीच्या मागच्या लीफ स्प्रिंगचा शॅकल बोल्ट काढून बघा.

मुख्य मुद्दा बोल्टचाही नाही, सिलचा आहे. दरवाज्याखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी ती पोकळ पेटी, जिला आपले डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. १९६२ ते १९८० पर्यंत ही गाडी बनली. तिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, आणि उघड्या मॉडेलला वर छप्पर नसल्यामुळे तो भार सिलवर येतो. तिथे एकच पत्रा नसतो. बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि आतला पत्रा असे थर असतात. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि मधला पडदा भुगा झालेला असतो. ओळखायचं कसं? दरवाजा बंद करून मागच्या कडेची फट बघायची. वर फट कमी आणि खाली जास्त दिसली तर गाडी मधोमध खचली आहे. अशा गाडीवर नुसता बाहेरचा सिल चढवून रंग मारणारा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाला फसवतो.

नीट काम करायचं तर असं होतं. बॅटरी सोडवायची, अल्टरनेटरच्या वायरी काढायच्या. सीट, कार्पेट आणि आसपासची इंधनाची नळी बाजूला करायची. गाडी आपल्या चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जागी टेकवायची, मधोमध जॅक लावून कधीच नाही, नाहीतर खचलेल्या किंवा फुगलेल्या अवस्थेतच ती कायमची जोडली जाते. दरवाज्याच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी नळी आडवी वेल्ड करायची. फटी मोजून लिहून ठेवायच्या. मग एका वेळी एकाच बाजूचा सिल कापायचा. गंज संपून चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचं. नवा तुकडा एक ते १.२ मिलिमीटरचा. जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती वेल्डने भरायची, आत जस्ताचा प्रायमर लावून. मिग वेल्डिंगची तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची, गॅस आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, म्हणजे उष्णता एका जागी साठून पत्रा वाकणार नाही. बाहेरचा पत्रा पक्का करायच्या आधी दरवाजा परत लावून फट तपासायची. ही पायरी लोक गाळतात आणि मग दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही. शेवटी सांध्याला सीलर, रंग, आणि रंग वाळल्यावर आतल्या पोकळीत मेण. खालची पाण्याची भोकं मेणाने बुजू द्यायची नाहीत, नाहीतर आत साठलेलं पाणी दोन-चार वर्षांत नवा सिलही खातं.

हे सगळं करायचं कारण फक्त नीटनेटकेपणा नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची सक्तीची तपासणी. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत भार घेणारा पत्रा गंजून कमकुवत झाला असेल तर गाडी नापास. तिथे फायबरग्लास किंवा पुट्टी चालत नाही. ठिगळ लावलं तर त्याला चहूबाजूंनी सलग वेल्ड लागतो. मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट मिळाली. पण विकत घेणारा तरीही ती करून मागतो, आणि शहाणा विकणारा करून देतो. म्हणजे इंग्लंडच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकचा निम्मा दिवस गंजात जातो, आणि तो तसा जायलाच पाहिजे.

कॅलिफोर्नियात ही तपासणीच नाही. तिथे आहे स्मॉग, म्हणजे धुराची तपासणी, आणि तिचं स्वरूप वेगळं आहे. १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्या तिच्यातून मोकळ्या. त्यानंतरच्या बहुतेक गाड्या दर दोन वर्षांनी आणि विकताना तपासल्या जातात, आणि विकताना दाखला देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. आपल्याकडच्या पीयूसीसारखी नुसती सायलेन्सरमध्ये नळी घालून ती संपत नाही. तपासणारा बॉनेट उघडून बघतो: थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह आहे का, व्हॅक्यूमच्या नळ्या जागच्या जागी आहेत का, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदललेला असेल तर त्यावर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक आहे का. इंजिन कितीही स्वच्छ जळत असो, मंजुरी नसलेला भाग दिसला तर गाडी नापास. २००० आणि त्यानंतरच्या गाडीत तर बॅटरी काढून परत लावली की संगणकाच्या आतल्या चाचण्या पुसल्या जातात. गाडी ठराविक पद्धतीने काही दिवस चालवून त्या पूर्ण केल्याशिवाय केंद्रावर नेण्यात अर्थ नाही. सगळं काम करून, बॅटरी जोडून सरळ तपासणीला जाणारे लोक इथेच पैसे घालवतात.

आणि सूर्य. कोरड्या उन्हाने पत्रा वाचतो पण बाकी सगळं जातं. डॅशबोर्डचं व्हिनाइल तडकतं, दरवाज्याची बीडिंग दगडासारखी होते, सस्पेन्शनचे बुश चिरतात, व्हॅक्यूमच्या नळ्या बोटांत चुरतात. तीच चुरलेली नळी हवा आत ओढते, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतो आणि गाडी स्मॉगमध्ये अडकते. म्हणजे काम आहे, भरपूर आहे. पण ते रबराचं, व्हिनाइलचं आणि नळ्यांचं आहे. शिवाय तिथल्या गिऱ्हाइकाला गाडीत एसी चालू हवा आणि पुढे डिस्क ब्रेक हवेत, म्हणून दुरुस्तीपेक्षा सुधारणेचं काम वाढतं. लेखात मी म्हटलं होतं की कॅलिफोर्नियात गेल्यावर गंज गेला आणि गंजाबरोबर शिकण्यासारखं निम्मं काम गेलं. ते वाक्य आजही तसंच ठेवतो.

मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्यात समुद्राच्या हवेत गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला लागत नाही. प्रीमियर पद्मिनीचा फ्लोअर किंवा जुन्या मारुतीच्या चाकाची कमान ज्याने खालून टोचून बघितली आहे, त्याला कार्यक्रमाचे इंग्लंडमध्ये चित्रित झालेले भाग उपयोगी पडतात. नाशिकला किंवा सोलापूरला उन्हात गाडी उभी करणाऱ्याला कॅलिफोर्नियाचे भाग जवळचे वाटतील, हेही खरं. म्हणून मी जागेवर लिहिलं. तुम्हाला ते चायनाचं कौतुक वाटलं.

आता चायना. जागा आणि माणूस हे दोन बदल तुम्ही एकत्र कालवले आहेत, तिथेच तुमचा घोळ आहे. २००३ मध्ये कार्यक्रम सुरू झाला, पोर्शे ९२४ पासून, ब्रुअर आणि चायना ही जोडी घेऊन. कॅलिफोर्नियातलं चित्रीकरण चायना असतानाच सुरू झालं होतं, चायनानंतरचा मेकॅनिक अँट अ‍ॅन्स्टेड यायच्या आधी. म्हणजे जागा बदलली म्हणून चायना गेला असं नाही. मार्च २०१७ मध्ये त्याने स्वतः व्हिडिओ करून कारण सांगितलं: अमेरिकेतली व्हेलॉसिटी वाहिनी कार्यक्रम थेट स्वतः बनवायला लागली, आणि वर्कशॉपमधलं तपशीलवार काम कमी करावं असं तिला वाटत होतं. त्याला ते मान्य नव्हतं. यात गळा काढण्यासारखं काय आहे? वर्कशॉपमधली मिनिटं किती, हा प्रश्न आहे. वेल्डिंगचा प्रकाश कॅमेऱ्याला सोसत नाही, एका कामाला दिवस लागतात, आणि दर दिवसाचा पगार चित्रीकरणाच्या अख्ख्या चमूला द्यावा लागतो. म्हणून वाहिनीला ते महाग पडतं, हे मी समजू शकतो. प्रेक्षकाला ते स्वस्तात मिळत होतं आणि मग कमी झालं, हेही सांगायला हवं.

‘मेकॅनिक कोणीही चालतो’ हे मात्र तुम्ही रागात लिहिलं असावं असं मी धरतो. अ‍ॅन्स्टेड स्वतः गाड्या बांधणारा माणूस. आधी इंग्लंडमध्ये पोलीस होता, ‘फॉर द लव्ह ऑफ कार्स’ या टीव्ही कार्यक्रमात दिसला होता. पत्र्यावर त्याचा हात चायनापेक्षा सफाईदार आहे असं माझं मत आहे, आणि हे मी लेखातही लिहिलं होतं. पण गंज नसलेल्या गाडीवर तो हात दाखवणार कुठे? माणूस चांगला आणि काम त्याच्या हाताचं नाही, अशी वेळ त्याच्यावर जागेने आणली. ब्रुअरला त्या काळात लोकांनी ज्या शिव्या घातल्या त्या मला पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. निर्णय वाहिनीचा होता. कार्यक्रम त्याचा आहे हे तुमचं म्हणणं खोडत नाही, पण ते माझ्या लेखाचा विषय नव्हतं.

नफ्याबद्दल एवढंच: खरेदी आणि सुटे भाग धरतात, मजुरी धरत नाहीत. सिलचं वर लिहिलेलं काम बाजारभावाने करून घेतलं तर बहुतेक भागांत नफा उरणार नाही. हे ते लपवत नाहीत, म्हणून ‘खोटे’ हा शब्द चुकीचा आहे. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढची लिहाल तेव्हा मेकॅनिकच्या हातांबद्दल लिहा, माझ्या हातांबद्दल नको. आणि नटबोल्ट खरंच सगळीकडे सारखे असतील, तर कॅलिफोर्नियातला असा एक भाग सांगा ज्यात आतला सिल कापण्यापासून पोकळीत मेण मारेपर्यंत दाखवला आहे. भागाचं नाव द्या, मी बघतो, आणि याच लेखाखाली त्यावर लिहितो.