स्वामी, जरा बाजूला हो

जुन्या मालिकेतली जागा शोधणारा माणूस मालिका बघत नाही. तो नटांच्या खांद्यावरून मागे डोकावत असतो. पडद्यावर ‘मालगुडी डेज’मधला मास्टर मंजुनाथचा स्वामी वडिलांच्या, म्हणजे गिरीश कार्नाडांच्या, धाकाने अर्धा झालेला असतो, सोफ्यावरची मंडळी हळवी झालेली असतात आणि मी म्हणत असतो, "हे पोरगं वीतभर सरकलं असतं तर मागची चौकट पुरती दिसली असती." अशा माणसाला घरात रिमोट देऊ नये. चांगल्या घरांत देतही नाहीत.

‘मालगुडी डेज’ हा या दुखण्याचा जुनाट प्रकार. कारण इथे मुळात गावच खोटं. आर. के. नारायण यांनी ते कागदावर वसवलं. आता जे गाव नाहीच, त्याचा पत्ता शोधायचा म्हणजे वेडाला परवाना देणं. काही विद्वान मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नावांचा सांधा जोडून ‘मालगुडी’ बनवतात आणि थेट बंगळूर गाठतात. त्यांना जाऊ द्यावं, तेवढीच आगुंब्यातली, म्हणजे जिथे मालिका खरोखर चित्रित झाली तिथली, गर्दी कमी. लेखकाचं गाव एक आणि कॅमेऱ्याचं गाव दुसरं, हे ज्याला उमगलं त्याचं निम्मं तिकीट वाचलं. शंकर नाग यांनी ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आलेली ही मालिका मुख्यतः कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंब्यात चित्रित केली. तिचे मूळ भाग ३९. २००६मध्ये कविता लंकेश यांनी केलेले भाग निराळे. दोन्हींची चित्रं एका फाइलीत टाकली की पुढचे तीन महिने तुम्ही एका घराला दुसऱ्याचं छप्पर चढवत बसता.

खरी पंचाईत घरबसल्याच सुरू होते. दूरदर्शनचं चित्र ४:३ प्रमाणाचं, उभ्यात ५७६ रेषांचं. इंटरनेटवर फिरणाऱ्या प्रतींपैकी बऱ्याच कुणीतरी ताणून १६:९ केलेल्या असतात, आजच्या टीव्हीवर काळे पट्टे नकोत म्हणून. त्यात माणसं तर गुटगुटीत होतातच, पण घरंही एक तृतीयांश रुंद होतात. ३५ अंशांचं कौलारू छप्पर २८ अंशांवर येतं, आणि मग जागेवर उभं राहून "घर तेच वाटतंय, पण बांधा वेगळा आहे" असं सोयरीक मोडल्यासारखं वाटत राहतं. यावर उपाय सायकल. अगदी बाजूने दिसणारं सायकलचं किंवा बैलगाडीचं चाक शोधायचं आणि पडद्यावर पट्टी लावून मोजायचं. उंची आणि रुंदी सारखी भरली तर चित्र खरं. चाक पोळीसारखं लाटलेलं असेल तर रुंदी तीन चतुर्थांश करून घ्यायची.

दुसरा घात आरशाचा. कॉपीराइटच्या तपासणीत पकडले जाऊ नये म्हणून काही लोक चित्र उलटं करून चढवतात, डावं उजवीकडे. दुकानाची पाटी दिसली तर लगेच कळतं, पण पाटी नेमक्या वेळी दिसत नाही. तेव्हा कपडे बघावेत. शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला हवा, साडीचा पदर डाव्या खांद्यावर हवा. मालगुडीत तर त्याहून खात्रीची खूण उघडीच हिंडत असते. जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे गेलेलं असलं पाहिजे. उलट दिसलं तर चित्र उलटं, किंवा मग श्राद्ध चालू आहे. श्राद्धाच्या प्रसंगावरून दिशा ठरवू नये.

यानंतर चित्र थांबवायचं. व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या प्रोग्रॅममध्ये ‘ई’ दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ दाबलं की फोटो निघतो. हलत्या प्रसंगात कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतील, कारण जुन्या टीव्हीच्या एका चित्रात दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेषा गुंफलेल्या असतात. अशा वेळी त्याच प्रोग्रॅममधली ‘डीइंटरलेस’ ही दाते घालवायची सोय चालू करावी, नाहीतर कौलांची ओळ आणि कंगवा यांत फरक राहत नाही. कॅमेरा रस्त्यावरून आडवा फिरला तर ती मेजवानीच. दर अर्ध्या सेकंदाला एक फोटो काढून सगळे शेजारी शेजारी चिकटवले की अख्खी आळी मिळते, आणि तीही मध्ये नट न कडमडता.

मग बघायचं काय? जे हातांना पोचत नाही ते. कलादिग्दर्शक हा पुराव्याचा शत्रू नंबर एक. रंग त्याचा, पाटी त्याची, दारातली तुळस त्याची, सोयीची पडली तर भिंतसुद्धा त्याचीच. पण आढं आणि पाखी उचलून कुणी हलवत नाही. एका घराचं छप्पर शेजारच्या छपराला कुठे भिडतं, वळचण किती पुढे आली आहे, पडवीला खांब किती आणि दोन खांबांमधले खण सारखे आहेत की एखादा रुंद आहे, हे मोजावं. रुंद खण हा घराचा अंगठ्याचा ठसा. पायऱ्यांवर मात्र विसंबू नये. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा वर चढतो आणि घर थोडं खाली बसतं. मालिकेतल्या पाच पायऱ्यांच्या आज तीन झाल्या असल्या तरी घर तेच असू शकतं. आणि सगळ्यांत वर, छपरांच्याही मागे, डोंगराची कड. ती मात्र कुणाच्या बजेटमध्ये बसत नाही.

सावलीवरून दिशा काढणारे हुशार लोक इथे हमखास तोंडावर पडतात. "दुपारची सावली उत्तरेला पडते" हे शाळेत शिकलेलं असतं. शून्य सावलीचा दिवस मात्र फक्त बातमीत वाचलेला असतो. आगुंबे साडेतेरा अक्षांशावर आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे भर दुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते. चित्रीकरण मे महिन्यातलं निघालं तर तुमचा अख्खा नकाशा शीर्षासन करतो. सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या त्यातल्या त्यात सरळमार्गी.

एवढं करूनही संकलकाची कात्री तुम्हाला फसवते. माणूस एका दारातून आत शिरतो आणि तिसऱ्याच घराच्या माजघरात उगवतो. म्हणून वहीत प्रत्येक शॉटला वेगळी ओळ हवी: कितवा भाग, कितवं मिनिट, आत की बाहेर, मागे काय. दोन जागा शेजारी आहेत असं तेव्हाच मानायचं, जेव्हा मध्ये कट न होता कुणी एकीतून दुसरीत चालत जातं. मालगुडीचं स्टेशनच घ्या ना. मालिकेत ते गावचं स्टेशन. प्रत्यक्षात आगुंब्याला रेल्वेच नाही. ते स्टेशन म्हणजे शिमोगा-तालगुप्पा मार्गावरचं अरसाळू, आगुंब्यापासून सरळ रेषेतसुद्धा पन्नास किलोमीटरच्या पलीकडे. गाडीतून उतरून घरी जाणारा मालगुडीकर मधल्या एका कटमध्ये हा अख्खा प्रवास उरकतो आणि त्याच्या इस्त्रीला सुरकुती पडत नाही.

अरसाळूत आणखी एक विचित्र अडचण आहे. तिथे सगळं फारच छान जुळतं. २०२०मध्ये रेल्वेने जुन्या इमारतीत मालगुडीचं संग्रहालय केलं, आणि त्या कामात मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचाच हात होता. म्हणजे पुरावा ज्याने बनवला त्यानेच पुन्हा रंगवला. संग्रहालय बघायला झकास, पण शोधणाऱ्याने हळहळावं असं. जुळलेली प्रत्येक गोष्ट "ही तेव्हाची की आत्ताची?" असं विचारूनच वहीत घ्यावी. रुळांवरून मोजमाप करायला जाऊ नये. मालिकेच्या वेळी तिथे मीटरगेज होतं, रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर. आता ब्रॉडगेज आहे, १,६७६. जुन्या फोटोवर नवे रूळ बसवायचा प्रयत्न केला तर स्टेशनमास्तरची खोली प्लॅटफॉर्मच्या बाहेर जाते.

आगुंब्याला जायचं ते पावसाळा सोडून. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि ज्या डोंगराच्या कडेवर आपली सगळी मदार, ती जूनमध्ये ढगात जाते. हौसेने गेलातच तर पायात मोजे आणि खिशात मीठ ठेवा. जळू ओढून काढायची नसते, मीठ लागलं की ती आपणहून गळते. फोटोंच्या प्रती ए-४ आकारात छापून प्लॅस्टिकमध्ये घालाव्यात. मोबाइलवर फोटो दाखवला की समोरचा बोटाने पुढे सरकवतो आणि तुमच्या भाचीच्या बारशापर्यंत पोचतो.

फोटोतून नट कापून टाकायचे, हे विसरू नका. नाहीतर बघणारा "अनंत नाग!" म्हणून खूश होतो आणि मागचं घर बघतच नाही. अर्थात नट कापले की वेगळाच संशय उभा राहतो. कुणाच्या तरी जुन्या घराचा फोटो हातात घेऊन वळचणीकडे टक लावून बघणारा परका इसम भाऊबंदकीच्या दाव्यातला किंवा मोजणी खात्याचा असतो, हे भारतातल्या प्रत्येक गावाला माहीत आहे. "शूटिंग इथेच झालं का?" असा प्रश्न तर मुळीच विचारू नये. त्याचं उत्तर ‘हो’ असं असतं. शेजारच्या घरीही ‘हो’ असतं. पाहुण्याला नाराज करण्याची पद्धत नाही. विचारायचं ते असं: जनरेटरची गाडी कुठे उभी होती? जेवणाची पंगत कुठे बसायची? शाळेच्या प्रसंगात कुणाची पोरं बसवली होती? माणसं कथानक विसरतात, पंगत विसरत नाहीत. आणि जनरेटर फार कामाचा. आवाज नको म्हणून तो लांब असतो, पण वायर पुरायला हवी म्हणून फार लांब नसतो. त्याच्याभोवती एक वर्तुळ काढलं की शोध एका आळीवर येतो.

स्वामीचं घर मात्र शोधावं लागत नाही, ते स्वतःच प्रसिद्ध आहे. दोड्डमने, म्हणजे कानडीत ‘मोठं घर’. लाकडी खांबांचं, चौकाचं. तिथे माणसं राहतात, हे मात्र वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवावं. चपला बाहेर, आधी विचारणं, मग आत जाणं, आणि स्वयंपाकघराकडे कॅमेरा वळवायचा नाही, तिथे मालिकेतला कितीही महत्त्वाचा शॉट असला तरी.

शेवटची पायरी म्हणजे कॅमेरा जिथे उभा होता तो बिंदू. यात बहुतेकांची एकच चूक होते: घर फोटोतल्याएवढं मोठं दिसेपर्यंत ते पुढे चालत जातात. आकार लेन्सने बदलतो, झूम केलं की झालं. जे झूमने बदलत नाही ते म्हणजे काय कशाच्या आड आहे. एक जवळची उभी रेघ घ्यावी, समजा पडवीचा खांब, आणि एक लांबची, समजा समोरच्या घराचा कोपरा. फोटोत कोपरा खांबाला जेमतेम चिकटलेला असेल, तर तसा दिसेपर्यंत आडवं सरकायचं. एक रेषा मिळाली. मग दुसरी जोडी घेऊन दुसरी रेषा. दोन्ही जिथे छेदतात तिथे कॅमेऱ्याचं तिकाटणं होतं. उरली उंची. सपाट रस्त्यावर क्षितिजाची रेघ उभ्या माणसाला जिथे कापते तेवढ्या उंचीवर कॅमेरा असतो, आणि नायक शाळकरी असला की ती रेघ बहुधा मोठ्यांच्या छातीच्याही खाली येते.

म्हणजे गुडघ्यांवर बसणं आलं. एका हातात प्लॅस्टिकमधला कागद, दुसऱ्या हातात कॅमेरा, एक डोळा मिटलेला, आणि गुडघे नेमके रस्त्याच्या मधोमध, कारण तिकाटणं तिथेच होतं. ओट्यावरच्या आजी याला कसला नवस म्हणायचं ते ठरवत असतात. खांब कोपऱ्याला चिकटतो, डोंगराची कड कौलांवर बसते, सगळं केसभर जुळत आलेलं असतं, आणि तीर्थहळ्ळीची बस येते. शूटिंगच्या वेळी बस अडवायला एक माणूस ठेवलेला असतो. आपल्या वाट्याला फक्त हॉर्न.